विश्लेषण : भूत उतरवण्याआधी डॉक्टर! चर्चचा हा नियम नरखेडलाही का हवा?

घरातली तरणी पोर रात्र-रात्र झोपत नाही, स्वतःशीच बोलते, मध्येच वेगळ्या आवाजात ओरडते. नरखेड, मोवाड किंवा जलालखेड्यातल्या अनेक घरांत अशा वेळी पहिला शब्द निघतो तो ‘बाहेरचं लागलं’ हाच. मग कुणी मांत्रिकाकडे जातो, कुणी दर्ग्यावर. कुणी सीमेपलीकडे सौंसर भागातल्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात जातो, तर कुणी ‘चंगाई’च्या प्रार्थनासभेत. डॉक्टरांचा नंबर बहुधा शेवटी लागतो. या सगळ्या वाटांमध्ये ख्रिस्ती परंपरेने भूत काढण्याबाबत लेखी नियम केले आहेत. ते इतरांनीही वाचावेत असे आहेत.

ख्रिस्ती धर्मात ही प्रथा कुठून आली?

येशूने दुष्टात्मे काढल्याच्या कथा शुभवर्तमानांत आहेत. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला येशूकडे आणतो. मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो. आजचा डॉक्टर ही लक्षणे ऐकून आधी फिट्सचा, म्हणजे अपस्माराचा विचार करील. कॅथलिक चर्चने १६१४ मध्ये या विधीची संहिता ठरवली आणि १९९८ मध्ये ती नव्याने मंजूर केली.

कुणीही पाद्री हा विधी करू शकतो का?

कॅथलिक चर्चमध्ये नाही. १९८३ च्या चर्च कायद्यातील कलम ११७२ नुसार त्यासाठी बिशपची स्पष्ट परवानगी लागते. ती ज्ञानी, विवेकी आणि सचोटीच्या धर्मगुरूलाच द्यायची असते. त्याआधी हा आजार नाही ना, याची खात्री करावी लागते, कारण आजार हे वैद्यकाचे क्षेत्र आहे, असे चर्चची शिकवणच सांगते. विधीचा तमाशा करायचा नाही, प्रसारमाध्यमांना बोलवायचे नाही. २००० मध्ये व्हॅटिकनने आणखी एक सूचना काढली : आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनासभेत भूत काढण्याचा विधी मिसळू नये आणि तिथे उन्माद, नाटकीपणा नको.

मग प्रश्न सुटला का?

नाही. एक तर हा नियम कॅथलिकांपुरता. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चनेही १९७५ मध्ये असेच निर्बंध घातले. पण स्वतंत्र प्रार्थनामंडळांवर कुणी बिशप नसतो. तिथे सगळे त्या पास्टरच्या विवेकावर चालते.

दुसरे म्हणजे, परवानगी असूनही माणूस मरू शकतो. जर्मनीतील अ‍ॅनेलिस मिशेल या विद्यार्थिनीला अपस्मार होता, तिच्यावर मानसोपचारही झाले होते. १९७५ मध्ये वुर्झबर्गच्या बिशपने परवानगी दिली आणि सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर ६७ वेळा विधी झाला. १ जुलै १९७६ रोजी, अवघ्या २३ व्या वर्षी, ती उपासमार आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने गेली. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. त्या घरात श्रद्धा होती, नियम होता, परवानगी होती. फक्त डॉक्टर नव्हता.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर चारच दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, केस उपटणे, उपचारांपासून रोखणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड.

हा कायदा देवाधर्माविरुद्ध आहे, असा प्रचार अजून होतो. पण मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च किंवा घरातल्या ज्या प्रार्थनेने शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान होत नाही, तिला कायद्याने स्पष्ट सूट दिली आहे. कसोटी एकच आणि ती सर्वांना सारखी. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या सुभाषनगरात ‘बाधा’ काढताना घरच्यांच्याच मारहाणीत एक लहान मुलगी दगावली. तिथे ना पास्टर होता, ना चर्च. म्हणून केवळ एका धर्माकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

तालुक्यात काय करता येईल?

‘श्रद्धा सोडा’ असे सांगून कुणी ऐकत नाही. घाबरलेल्या आईला आधार हवा असतो आणि प्रार्थना तो देते. तो हिरावून घेण्याचे कारण नाही. प्रार्थना करणाऱ्याने मात्र, मग तो पास्टर असो, पुजारी असो की मुजावर, पहिला प्रश्न विचारावा : ‘डॉक्टरांना दाखवलं का? गोळ्या सुरू आहेत का?’ जो गोळ्या बंद करायला सांगतो, अंगाला हात लावतो किंवा पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

दोष एकट्या घरच्यांचाही नाही. १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे, म्हणजे नरखेडहून सुमारे ८५ किलोमीटरवर. संत्र्याच्या हंगामात मजुरी बुडवून तिथे वारंवार जाणे परवडत नाही. मांत्रिक मात्र गावातच भेटतो. म्हणूनच तालुक्यातच ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ मिळणे आणि औषध तिथेच मिळणे ही मागणी गावांनी लावून धरायला हवी. तोवर ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

चर्चला आपला नियम लिहायला शतके लागली आणि तो लिहूनही एक मुलगी गेली. आपल्या गावात तो पाळायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आधी दवाखाना, मग देऊळ, दर्गा किंवा चर्च.