हाताला काम नसताना

सरकारच्या श्रमबल पाहणीत आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम मिळालं, तरी त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात धरला जातो. मग नाक्यावर थापी-ओळंबा घेऊन उभा राहणारा, चारपाच दिवस तसाच परतणारा गवंडी कुठे मोजायचा? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सरकारी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत वय वाढणारी पदवीधर मुलगी कुठे? १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावात पगाराबरोबर माणसांची पतही गेली. आज ऑफिसातली नोकरी सुटणाऱ्यांच्या वाट्याला तेच येतं आहे, म्हणून या अंकात टक्केवारीपेक्षा बेकारीतलं रोजचं जगणं मांडलं आहे.

काम सुटल्यावर शेजाऱ्यांना काय सांगितलंत, लग्नकार्यं का टाळलीत, आम्हाला लिहा. नाव छापायला नको असेल तर तसं कळवा, पत्र मात्र नक्की पाठवा.