कवळी मिळाली, निगेचे काय?

ज्येष्ठ नागरिकांना साहाय्यक साधने विनामूल्य देण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ सुरू केली. चालण्याची काठी, श्रवणयंत्र, चष्मा, चाकाची खुर्ची यांच्याबरोबरच कवळीचाही त्या यादीत समावेश करण्यात आला. गरीब वृद्धाला भाकरी चावता यावी, हा विचार स्वागतार्हच आहे. साधनांच्या वर्षभराच्या मोफत दुरुस्तीची तरतूदही योजनेत आहे. मात्र काठी आणि कवळी यांत मूलभूत फरक आहे. काठी कोपऱ्यात ठेवली तरी चालते. कवळी रोज धुवावी लागते, आणि चुकीच्या पद्धतीने धुतल्यास ती धुण्यानेच खराब होते.

बहुतेक घरांत कवळी टूथपेस्ट लावून खसाखसा घासली जाते. दात घासायचे तेच कवळीला, हे तर्कशास्त्र वरवर बिनतोड वाटते. परंतु कवळी ॲक्रिलिकची असते आणि ॲक्रिलिक हे दातावरील कवचापेक्षा कितीतरी मऊ असते. पेस्टमधील खरखरीत कणांनी त्यावर सूक्ष्म चरे पडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या चऱ्यांत अन्नकण अडकतात, ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी ठाण मांडते, आणि कवळीखालची टाळू लाल होऊन सुजते. राखुंडी वा मिश्रीने काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. स्वच्छतेच्या हव्यासातून अस्वच्छतेला घर करून देण्याचा हा प्रकार आहे.

उकळत्या पाण्याने जंतू मरतात, हा दुसरा पक्का समज. पाण्याबाबत तो खरा असला, तरी कवळीबाबत घातक आहे. त्या उष्णतेने ॲक्रिलिक वाकते. मग कवळी हिरडीवर नीट बसत नाही, टोचते आणि अखेर डबीतच राहते. कपड्यांचे डाग घालवणारे ब्लीच जंतू मारते खरे. पण अमेरिकेतील कृत्रिम दंतोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ब्लीचच्या द्रावणात कवळी दहा मिनिटांहून अधिक काळ ठेवू नये. धातूचा सांगाडा असलेल्या अर्धवट कवळीला तर ते गंजवते.

बाजारातील फसफसणाऱ्या गोळ्या सोयीच्या आहेत. मात्र त्यांतील परसल्फेट या घटकामुळे काहींना ॲलर्जी होते. काहींनी तर या गोळ्या चघळल्या वा गिळल्याही. अशा तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये उत्पादकांना वेष्टनावरील सूचना सुधारण्यास सांगितले होते. गोळीचे पाणी कवळीसाठी असते, तोंडासाठी नव्हे. भिजवलेली कवळी खळखळून धुतल्याशिवाय तोंडात घालू नये.

त्या मानाने योग्य पद्धत अगदीच साधी आणि स्वस्त आहे. मऊ ब्रश, सौम्य द्रव साबण, साधे वा कोमट पाणी. खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा जाड टॉवेल असावा, कारण हातातून निसटून फरशीवर पडणे हेही कवळी तुटण्याचे नेहमीचे कारण आहे. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. हा केवळ सवयीचा प्रश्न नाही. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ वृद्धांच्या तीन वर्षांच्या पाहणीत (२०१५ मध्ये प्रसिद्ध) कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता.

तरुण पिढीलाही हे लागू आहे. दात सरळ करण्यासाठी वापरले जाणारे पारदर्शक साचे तर कवळीपेक्षाही पातळ. गरम पाण्यात त्यांचा आकार लगेच बिघडतो. पण खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजणाऱ्याला तेथे विचारता तरी येते. शिबिरात कवळी घेऊन गावी परतलेल्या आजीला ती सोय नाही. कवळीच्या डबीत ठळक अक्षरांतील मराठी सूचनापत्र ठेवण्यास सरकारला फारसा खर्च येणार नाही. ते सूचनापत्र घरातील मुलांना आणि सुनांनाही उद्देशून असावे; संधिवाताने आखडलेल्या बोटांत ब्रश धरवत नसेल, तर कवळी धुण्याचे काम त्यांच्याकडेच येते.