रोप जगले पाहिजे

मे महिना सरत आला की मोताळा तालुक्यातील शेतकऱ्याची लगबग सुरू होते. पेरणीसाठी बियाण्याची तजवीज करायची असते, आणि ज्याला फळबाग लावायची असेल त्याला उन्हात तापू दिलेले खड्डे पहिल्या पावसापूर्वी भरून घ्यायचे असतात. नेमक्या याच दिवसांत, ३१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री पांडुरंग तथा भाऊसाहेब फुंडकर यांचे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. बुलढाणा जिल्ह्याने आपला माणूस गमावला, ही भावना त्या दिवशी पक्षाच्या सीमा ओलांडून व्यक्त झाली.

२१ ऑगस्ट १९५० रोजी बुलढाणा जिल्ह्यातील नारखेड येथे जन्मलेल्या भाऊसाहेबांची कर्मभूमी मात्र खामगाव. विद्यार्थी परिषदेच्या कामातून ते सार्वजनिक जीवनात आले. आणीबाणीच्या काळात कारावास सोसलेल्या तरुणांच्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. १९७८ मध्ये खामगावच्या मतदारांनी त्यांना जनता पक्षाचे आमदार म्हणून विधानसभेत पाठविले. १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन होऊन काही आठवडेच लोटले होते. त्या वेळी राज्यात पक्षाचे अवघे १४ आमदार निवडून आले. त्यांत खामगावचे फुंडकर होते. पक्षाचे चिन्ह घेऊन गावात शिरताना आधी चिन्ह समजावून सांगावे लागे, असा तो काळ. सत्तेची आशा धरून त्या वेळी कोणी या वाटेने येत नव्हते.

पुढे १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन निवडणुकांत अकोल्याने त्यांना लोकसभेत पाठविले. १९९८ मध्ये ती जागा प्रकाश आंबेडकर यांच्याकडे गेली. पद गेले की माणूस कार्यकर्त्यांतून हळूहळू दिसेनासा होतो, हा राजकारणातील नेहमीचा अनुभव. भाऊसाहेबांच्या बाबतीत तसे घडले नाही. पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद त्यांनी सांभाळले, विधान परिषदेत गेले आणि २००५ ते २०११ या काळात तेथे विरोधी पक्षनेते होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ होरपळत होता तीच ही वर्षे. कापसाचा भाव, पिकाचे कर्ज आणि सिंचनाचा अनुशेष हे वऱ्हाडचे प्रश्न सभागृहात मांडणारा नेता वऱ्हाडचाच असावा, याला त्या काळात वेगळा अर्थ होता.

जुलै २०१६ मध्ये कृषिखाते त्यांच्याकडे आले. ज्या प्रश्नांवर आयुष्यभर सरकारला जाब विचारला, त्यांचीच उत्तरे आता स्वतः द्यायची होती. ही परीक्षा सोपी नव्हती. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापसाचे पीक नासले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. कृषिखात्यावर कठोर टीका झाली आणि त्या टीकेचे धनी खात्याचे मंत्री म्हणून भाऊसाहेबांनाही व्हावे लागले. श्रद्धांजलीच्या लेखात असे प्रसंग टाळण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु लोकसेवकाचे स्मरण म्हणजे आरती नव्हे. ज्याने चाळीस वर्षे शेतकऱ्याचे नाव घेऊन काम केले, त्याच्या कारकिर्दीचा हिशेब शेतकऱ्याच्याच मापाने मांडला पाहिजे. त्यात उणे बाजू असेल तर तीही नोंदविली पाहिजे. तसे केल्याने माणूस लहान होत नाही; उलट पुढच्यांना शिकता येते.

त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी राज्य शासनाने फळबाग लागवडीची एक योजना त्यांच्या नावाने सुरू केली. महाराष्ट्रात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० पासून चालत आली होती. तिच्या निकषांत न बसणारा शेतकरी मात्र लाभापासून वंचित राहत होता. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना’ आली. तिचे अनुदान तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. पुढचे हप्ते मिळण्यासाठी झाडे जगविण्याची अट घालण्यात आली: दुसऱ्या वर्षी किमान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के.

या अटीत स्मारकांविषयीची एक मोठी शिकवण दडलेली आहे. पुतळा उभारला की काम संपते. जयंतीचा फलक लावला की दुसऱ्या दिवशी तो उतरवला तरी चालतो. झाडाचे तसे नाही. लावण्याच्या दिवशी छायाचित्र काढून घेणारे पुष्कळ असतात. वैशाखात त्याला पाणी घालणारा एखादाच असतो. कार्यकर्ता कोणाला म्हणावे, याचे उत्तर त्या एकाकडे पाहिले की मिळते.

विधानसभेत भाऊसाहेब खामगावचे प्रतिनिधी होते, मोताळ्याचे नव्हे. तरीही त्यांची आठवण मोताळ्याने ठेवावी, याला कारण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेल्या या तालुक्यातूनच नळगंगा वाहते आणि तिच्यावरचे धरणही येथेच आहे. गोसीखुर्दचे पाणी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतून सुमारे ४२६ किलोमीटर आणून याच नळगंगेपर्यंत पोहोचविण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्चाचा आकडा ८७ हजार कोटी रुपयांच्या पुढे आहे. घोषणा मोठी आहे, अंतरही मोठे आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याने आजवर अनेक कालवे कागदावर वाहताना पाहिले आहेत. म्हणून या पाण्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे, सरकार कोणाचे आहे हे न पाहता, करणारी माणसे गावोगाव लागतील. चाळीस वर्षे एकच प्रश्न हाती धरून ठेवण्याची चिकाटी पद मिळाल्याने येत नाही. ती पद नसतानाच्या काळात अंगी बाणवावी लागते.

भाऊसाहेबांना वाहायची श्रद्धांजली हीच. यंदा मोताळ्याच्या शिवारात जे खड्डे भरले जातील, त्यांतील रोपे तिसऱ्या उन्हाळ्यात हिरवी दिसली पाहिजेत. त्या दिवशी कोणी भाषण केले नाही, तरी स्मरण झालेले असेल.