काच वाहते म्हणे!

व्हायव्हात हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: "सर, काच म्हणजे खरं तर द्रवच. म्हणून तर युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा ओघळून खाली जाड झाल्यात." ऐकायला झकास, पण साफ चूक!

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेसारखी काच घेऊन संशोधकांनी २०१७ साली हिशेब मांडला. नेहमीच्या तापमानाला ती अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल! आणि ॲबीच्या आजच्या इमारतीचं काम सुरू झालं १२४५ मध्ये.

मग जाडी कमी-जास्त का? कारण ही काच माणसाच्या फुंकरीने बनायची. एका पद्धतीत नळीवर फुगवलेला गोळा गरगर फिरवून त्याची थाळी करायचे. दुसरीत लांब नळकांडं फुगवायचं, टोकं कापायची, उभी चीर द्यायची आणि भट्टीत तापवून सपाट करायचं. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या जवळजवळ तीन लाख काचा अशाच तोंडाने फुंकलेल्या होत्या! पुढे १९५९ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची फ्लोट पद्धत जाहीर केली आणि खिडकीतल्या लहरी, बुडबुडे हळूहळू गेले.

फ्लोट काचेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जुनी काच 'खराब' ठरवण्याशी. ओघळलेली म्हटली की ती फेकताना हात कचरत नाही. चौकट कुजली म्हणून अख्खी खिडकी काढतात आणि शाबूत काचही भंगारात जाते.

कुणी म्हणेल, जुन्या खिडकीतून थंडी येते, बिल वाढतं. बरोबर आहे. पण फटी बुजवता येतात, आतून दुसरी काच लावता येते. गेलेली काच मात्र सहज परत मिळत नाही. तशी फुंकून बनवणारे कारखाने आता युरोपातही मोजकेच. युनेस्कोने २०२३ मध्ये हाताने काच बनवण्याची कला वारशाच्या यादीत घेतली, छान झालं. पण यादीत नाव येणं वेगळं आणि खिडकीत काच टिकणं वेगळं.

उद्या अशा एखाद्या इमारतीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट आपल्यापैकीच कुणीतरी करेल. 'सर्व काचा बदलणे' ही एक ओळ लिहायला फार सोपी आहे. ती लिहिण्याआधी प्रत्येक काच बघा. तडकलेल्या किती, धड किती, वेगळं मोजा. आणि धड आहेत त्या राहू द्या!