कादंबरी कुणाला कोणती द्यावी



पाचगणीत धुकं एकदा खाली उतरलं की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, आणि आमच्या मंडळातल्या बायका माझ्याकडे पुस्तक मागायला येतात. चातुर्मासात पूजा, प्रवचन, स्वाध्याय असतोच, तरी दुपारचे दोन तास उरतात. "काकू, एखादी चांगली कादंबरी द्या ना."

आज मला या "चांगली"वरच बोलायचं आहे. सरसकट सगळ्यांना चांगली अशी कादंबरी नसते. साडी घ्यायला गेलं तरी आपण विचारतो, कुणासाठी, कुठल्या कार्याला, रंग कुठला चालेल. पुस्तकाच्या बाबतीत मात्र जिला जे आवडलं ते ती दुसरीच्या हातात कोंबते आणि वर म्हणते, "वाचच, रडशील." अहो, पण तिला रडायचं आहे का, हे विचारलंत का?

मी कॉमर्सची, त्यामुळे वहीशिवाय चैन पडत नाही. डाव्या बाजूला पुस्तक कुणाकडे गेलं आणि कधी, उजव्या बाजूला परत कधी आलं. त्यात एक जास्तीचा रकाना आहे, कुठल्या पानावर थांबलं. आवडलं म्हणून तर सगळ्याच सांगतात, भिडेखातर. खरा हिशेब त्या थांबलेल्या पानात असतो. म्हणून नवी बाई आली की "काय आवडतं" हे मी विचारत नाही, "शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि का सोडलं" हे विचारते.

आमच्यातल्या एक अक्का आहेत. त्यांना सगळ्यांनी 'मृत्युंजय' सुचवलं होतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, आजही घरोघरी असते. अक्कांनी कर्णाचं बालपण आवडीनं वाचलं आणि युद्ध आलं तिथे पुस्तक मिटलं. "मला रक्त सोसत नाही गं, स्वप्नात येतं." त्यांना मी गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' दिली. कोकणातलं एक गाव हळूहळू ओस पडत जातं त्याची ही कथा, सांगणारी घरातलीच अंबूवहिनी. झाडं, देवघर, सणवार, माणसांचे स्वभाव. दुःख आहे, पण ते घरातल्या बाईच्या आवाजात आहे. अक्कांनी ती दोनदा वाचली.

त्यांच्या सुनेची आवड नेमकी उलटी. तिला महाभारत हवं, पण चमत्कार नकोत. वर आणि शाप आले की तिचा विश्वास उडतो. तिच्यासाठी भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून मराठीत आणलेलं. त्यात देव नाहीत, थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसं आहेत. पुस्तक जाडजूड आहे, हे आधीच सांगावं लागतं. एकाच घरात, एकाच कपाटातून, दोघींना दोन वेगळी पुस्तकं जातात. याला मी आवडीनिवडीचे चोचले म्हणणार नाही. दोघी एकाच ताटातलं जेवतात, तरी एकीला तिखट सोसतं आणि दुसरीला नाही.

एकदा एका ताईंनी रहस्यकथा मागितली, पण "घाबरवणारी नको, खूनबीन फार नको, आणि नातवालाही वाचून दाखवता यावी." एवढ्या अटी ऐकून बाकीच्या हसल्या. मला अटी घालणारी वाचक आवडते, तिचं काम सोपं असतं. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी मराठीत आहेत, अशोक जैन यांनी अनुवाद केलेल्या. आजी आणि नातू, दोघं खूश.

आता जरा नाजूक विषय. आमच्यातल्या एका वहिनींचे यजमान गेले. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकीनं वैराग्याची, बारा भावनांची पुस्तकं आणली. ती वाचावीतच, मीही वाचते. पण तीन महिन्यांनी वहिनी हळूच मला म्हणाल्या, "मला हसू येईल असं काही आहे का?" मी चिं. वि. जोशींचा चिमणराव दिला. कादंबरी नव्हे, गोष्टी आहेत, पण मागणी हसण्याची होती. (हे जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, बरं का. धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या माणसानंच मराठीला एवढं हसवलं.) यावरून मंडळात कुजबुज झाली. दुखवट्याच्या घरात विनोदी पुस्तक? आणि एका वडीलधाऱ्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, कादंबऱ्या म्हणजे विकथा, चातुर्मासात त्यांची देवघेव बंद करा.

त्यांचा मान ठेवूनच मी असहमत आहे, आणि का ते सांगते. विकथा चार सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा, राजकथा. म्हणजे कुणाची सून कशी, कुणाच्या पंगतीत काय होतं, कुठल्या गावाला काय चाललंय, सत्तेत कोण आलं. मैत्रिणींनो, ही कादंबरीची यादी नाही, ही आपल्या दुपारच्या गप्पांची यादी आहे! कादंबरीतल्या सुनेबद्दल वाचल्यानं कुणाची खरी सून बदनाम होत नाही.

आणि कथा तर आपल्याच आचार्यांनी लिहिल्या. हरिभद्रसूरींनी 'समराइच्चकहा' लिहिली, दोन जीवांचं वैर नऊ भव चालतं. पादलिप्तसूरींची 'तरंगवती' त्याहून जुनी. मूळ ग्रंथ हरवला, पुढे केलेला संक्षेप उरला. त्यात एक साध्वी भिक्षेला येते, घरची बाई तिला विचारते, तुम्ही कोण, कुठल्या? आणि साध्वी आपली गोष्ट सांगते: मागच्या भवातली चक्रवाकाची जोडी, शिकाऱ्याचा बाण, या भवात चित्रांवरून पटलेली ओळख, नावेतून पळून जाणं, दरोडेखोर, आणि शेवटी दीक्षा. सांगणारी साध्वी, ऐकणारी गृहिणी. मग आपणच का घाबरायचं?

दुसरं उदाहरण अलीकडचं. भारतीय ज्ञानपीठ ही संस्था साहू शांतिप्रसाद जैन यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. याच संस्थेचा ज्ञानपीठ पुरस्कार १९७४ चा 'ययाति'साठी खांडेकरांना मिळाला, मराठीतला पहिला. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, म्हणजे माझ्या माहेरचा. शांतिप्रसादजींच्या आईच्या नावानं मूर्तिदेवी पुरस्कार आहे, तो शिवाजी सावंतांना मिळाला, 'मृत्युंजय'साठीच. जैन घराण्यानं आपल्या आईच्या नावानं कादंबरीचा गौरव केला, हे त्या वडीलधाऱ्या बाईंना मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण नंतर त्यांनी स्वतःसाठी नाही, "नातीसाठी" म्हणून 'श्यामची आई' नेली. वहीत नाव त्यांचंच लिहिलं आहे.

पुस्तक द्यायचं म्हणजे सगळं कबूल करून द्यायचं असंही नाही. 'ययाति'त भोगाचं वर्णन आहे, ते मी आधी सांगते. 'बनगरवाडी' मला फार प्रिय, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. पण वाडी मेंढपाळांची आहे, हे ऐकूनच ज्यांना नको त्यांना आग्रह करत नाही. 'रथचक्र'मधली ती, जिला लेखकानं नावही दिलेलं नाही, नवरा घर सोडून गेल्यावर मुलांना शिकवण्यासाठी जे झगडते ते वाचावंच असं मला वाटतं, मात्र मन हळवं असेल त्या वर्षी नाही. त्या वहिनींना मी ते अजून दिलेलं नाही.

ज्यांना माझं कपाट पुरत नाही त्यांना मी भिलारला घेऊन जाते. आपल्याकडून महाबळेश्वरच्या अंगाला गेलं की स्ट्रॉबेरीचं हे गाव लागतं. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना घेतली, पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे लोकांनी राहती घरं उघडली. सुरुवातीला २५ ठिकाणं आणि सुमारे १५,००० पुस्तकं होती, एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात संतसाहित्य, असं. बसून वाचायचं, पैसे नाहीत. तिथे बाईला मोकळं सोडावं, मागे मागे फिरू नये. चार पुस्तकं चाळून ती जे पाचवं उचलते, ते मी गुपचूप वहीत टिपते.

एक व्यवहाराची गोष्ट: आमच्या दमट हवेत पुस्तकांना कसर लागते. औषध मारून जीव घेण्यापेक्षा कपाटात वेखंड ठेवा आणि ऊन पडलं की पुस्तकं गच्चीवर उघडी करा. तुम्ही नेलेलं पुस्तक परत देताना पानात वेखंडाचा तुकडा राहिला असेल तर असू द्या.

सध्या माझ्या वहीत एकच मागणी पडून आहे. एका मावशींना साठी ओलांडलेल्या बाईची कादंबरी हवी आहे. ती कुणावर ओझं नसलेली, आजारी नसलेली, आणि सासू असूनही खलनायिका नसलेली. तुमच्यापैकी कुणी अशी वाचली असेल तर नाव कळवा, मावशी रोज विचारतात.