दंडावरचा पहारेकरी

दिवाळी आली की घराघरांतून पाकाचा आणि तुपाचा वास दरवळू लागतो. परंतु ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल मधुमेही आहे, तेथील माउलीच्या जिवाला त्या वासानेच घोर लागतो. पोर लाडवाला हात लावील ही तिची एक चिंता. आणि मध्यरात्री त्याची साखर नकळत उतरेल, ही त्याहून मोठी.

“इतक्या लहानाला मधुमेह?” असे विचारणारे अजूनही भेटतात. होय, होतो. मात्र मोठ्यांना उतारवयात जडतो तो हा नव्हे. या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षणशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींवरच उलटते. मुलाने गोड फार खाल्ले किंवा आईने फार लाड केले, म्हणून तो होत नाही. हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी कृपया दोनदा वाचावे!

१९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले, आणि तोवर असाध्य असलेल्या या रोगाला उतार सापडला. पण इन्सुलिन कमी पडले तर साखर चढते, अधिक झाले तर घसरते. मोठा मुलगा “हातपाय कापतात” असे सांगतो. दोन वर्षांचे मूल काय सांगणार? ते किरकिरते, नाहीतर गप्प निजते. म्हणून त्याची इवली बोटे दिवसातून सहा-आठ वेळा टोचायची, आणि रात्री उठूनही टोचायची.

या टोचणीतून पुष्कळशी सुटका करणारी युक्ती आता आली आहे. दंडाच्या मागच्या बाजूस नाण्याएवढी चकती चिकटवितात. तिचा केसासारखा तंतू त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि आकडा मोबाइलवर दिसतो. साखर चढते आहे की उतरते आहे, हे बाण दाखवितो. तशी सोय असलेले यंत्र ७० च्या खाली घंटाही वाजविते. एक चकती दहा ते पंधरा दिवस चालते. कोणती कोणत्या वयास चालते, हे डॉक्टरांनाच विचारावे.

पहारेकरी चांगला, पण त्याच्याही खोडी आहेत. त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. मूल त्याच दंडावर निजले, तर उगाच कमी दाखवितो. मुलाची लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर बोट टोचून खात्री करावी. आणि प्रत्येक आकड्याला घाबरू नये: ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक काळ साखर राहिली, तर उत्तम, असे जगातील तज्ज्ञांनी २०१९ साली एकमताने ठरविले.

आता खर्चाचे बोलू. महिन्याला दोन-तीन चकत्या म्हणजे हजारो रुपये. वाशिम, रिसोड, मानोऱ्याकडील सोयाबीनवर संसार चालविणाऱ्या घराला ते कसे झेपावे? विदर्भातल्या गरीब मधुमेही मुलांसाठी नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ‘ड्रीम ट्रस्ट’ उभारला; छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था आहे. अशा संस्थांच्या कामात पहिला मान इन्सुलिनला आणि शिकवणुकीला आहे. घरानेही हाच क्रम धरावा: आधी इन्सुलिन, मग बोटावरची तपासणी, त्यानंतर चकती. चकतीसाठी इन्सुलिनला कात्री लावणे म्हणजे पहारेकरी ठेवून धान्य विकण्यासारखे! कायम परवडत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अधूनमधून एखादा पंधरवडा लावावी. त्या दिवसांतले जेवण, खेळ आणि झोप वहीत टिपावी, म्हणजे साखर कोणत्या वेळी घसरते ते कळते व डोस बसविता येतो. वऱ्हाडी उन्हाळ्यात घामाने चकती सुटते, हेही ध्यानात असू द्यावे.

घंटा कितीही वाजली तरी ऐकणारे माणूस हवे. आजी, शेजारीण आणि बालवाडीच्या बाई यांना एवढे शिकवून ठेवा: साखर उतरली तर दोन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक इस्पितळ गाठावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीतही खाऊ जवळ बाळगू दिला. मग शाळेच्या दप्तरात साखरेची पुडी का नसावी?

आणि हो, फराळाच्या ताटावरून या मुलाला उठवू नका. डॉक्टरांनी शिकविलेल्या हिशेबाने इन्सुलिन देऊन एक करंजी त्यालाही खाता येते. भावंडांच्या पंगतीत बसून खाल्लेली ती करंजी त्याला वर्षभर पुरेल.