पाण्याचा रोजमेळ

लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर सोने मांडतो. व्यापाऱ्याच्या घरी त्याच पाटावर नवी चोपडीही मांडतात. आपल्या पूर्वजांच्या या व्यवहारचातुर्याचे मला मोठे कौतुक वाटते. नुसती लक्ष्मी पुजून भागत नाही. ती कोठून आली आणि कोणाच्या नावे काय पडले, हेही कोणीतरी लिहून ठेवावे लागते. सराफ आपल्याला सोन्याचे वजन सांगतो, कस सांगतो, घडणावळ सांगतो. पण ते सोने ज्या डोंगरातून निघाले, तिथल्या झऱ्यांच्या नावे काय पडले, हे तो बिचारा कोठून सांगणार?

ही चोपडी लिहायला बसलेल्या काही माणसांची हकीकत यंदा सांगावी म्हणतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, चेसॉ नावाचे एक चिमुकले खेडे आहे. त्याच्या शेजारी बकहॉर्न नावाचा डोंगर. डोंगरावर बर्फ पडते, ते वितळून जमिनीत मुरते आणि झऱ्याओढ्यांच्या रूपाने खाली उतरते. याच डोंगराच्या पोटात सोने सापडले. वरून डोंगर उघडा करायचा आणि दगडाचा चुरा सायनाइडच्या पाण्यात भिजवून सोने वेगळे काढायचे, असा खाणवाल्यांचा बेत ठरला. तेव्हा १९९२ साली तिथल्या रहिवाशांनी ‘ओकॅनॉगन हायलँड्स अलायन्स’ ही संस्था काढली.

पुढची कथा एखाद्या नाटकात शोभावी अशी आहे. १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने १८७२ सालच्या खाणकायद्यावर बोट ठेवून परवानगी नाकारली. दोनच महिन्यांत कोसोव्होच्या युद्धखर्चाच्या विधेयकाला एक शेपूट जोडण्यात आले आणि त्या शेपटाने या खाणीला सूट देऊन टाकली! कोठे कोसोव्हो, कोठे बकहॉर्न! ‘बादरायण संबंध’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फुकाचा रूढ झालेला नाही. पण संस्थेने पाण्याचा प्रश्न सोडला नव्हता. २००० च्या जानेवारीत राज्याच्या प्रदूषणविषयक अपील मंडळाने खाणीचे पाण्याचे परवाने रद्द केले, आणि तो बेत बारगळला.

परंतु सोने असे सुटत नाही. २००६ साली किनरॉस या कॅनडातील कंपनीने ही मिळकत घेतली आणि नवा आराखडा मांडला. आता डोंगर उघडा न करता आतून पोखरायचा आणि खनिज ट्रकांनी दूरच्या गिरणीत न्यायचे. म्हणजे सायनाइड डोंगरावरून गेले. २००८ मध्ये संस्थेने कंपनीशी करार करून अपील मागे घेतले. बदल्यात पाण्याच्या रक्षणासाठी जादा अटी पदरात पाडून घेतल्या. तडजोड म्हणजे माघार, असे आपण चटकन म्हणतो. पण इथे खरे काम तडजोडीनंतरच सुरू झाले.

ते काम समजायला सोपे आहे. डोंगरात बोगदे खणले की भोवतालचे पाणी त्यांत झिरपते. सुरुंगाच्या दारूतून त्यात नायट्रेट उतरते. फुटलेल्या दगडाला हवा लागली की सल्फेट येते. म्हणून अट अशी होती की, उपसा इतका ठेवायचा की आजूबाजूचे पाणी खाणीकडेच ओढले जावे. ते शुद्ध करावे आणि मगच सोडावे. एक थेंबही चोरवाटेने ओढ्याला मिळता कामा नये. कागदावर हे झकास दिसते. पण वसंतात बर्फ वितळून पाण्याचा लोंढा आला की कागद काय करणार?

‘एखाद्याचे पाणी जोखणे’ हा वाक्प्रचार आम्ही वर्गात शिकवतो. या मंडळींनी तो शब्दशः अमलात आणला. झऱ्यांचे, ओढ्यांचे, निरीक्षण-विहिरींचे आकडे जाणकारांना हाताशी धरून तपासायचे, मागच्यांशी ताडून पाहायचे आणि फरक दिसला की सरकारी खात्याला विचारायचे. यात ना मिरवणूक, ना हारतुरे. २०१२ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने पाण्याच्या अटी मोडल्याबद्दल खाणकंपनीला ३,९५,००० डॉलर दंड ठोठावला. २०१७ मध्ये खाण बंद झाली. पाण्याचे भांडण मात्र मिटले नाही. २०२० मध्ये संस्थेने आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनीही कंपनीविरुद्ध न्यायालयात दावे लावले.

म्हणजे पाहा, सोने नऊ वर्षांत निघून गेले. पाण्याचा पहारा त्याच्याआधी सोळा वर्षे सुरू झाला होता आणि त्याच्यानंतरही संपला नाही. दागिना एकदा घडवला की झाले. झऱ्याची राखण मात्र पिढ्यान् पिढ्या करावी लागते, आणि तिची मजुरी घडणावळीत कोणी धरत नाही.

मला या कथेत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती एकच. दुधाचा रतीब लावणारी गृहिणी पहिल्या तारखेपासून कॅलेंडरवर खुणा करते. महिना संपल्यावर आठवणीने हिशेब मांडू म्हटले तर गवळ्याचेच खरे ठरते. पाण्याचेही तसेच आहे. पाणी बिघडल्यावर ‘पूर्वी असे नव्हते हो’ म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. पूर्वी कसे होते, हे लिहिलेले दाखवावे लागते. हिशेबाच्या भाषेत त्याला आरंभीची शिल्लक म्हणतात.

तुमच्या गावाशेजारी खाण नसेल, कारखाना असेल, नाहीतर नवी वसाहत होत असेल. तिथल्या विहिरीची, ओढ्याची आरंभीची शिल्लक कोणाच्या वहीत आहे, एवढे या दिवाळीत जरूर विचारा. कोणाच्याच नसेल, तर पाडव्याचा मुहूर्त वाईट नाही. वही नवी हवी, आणि लिहिणारा चिकट हवा.